भागाबाई कुणाला हसली

समजा, तुमच्या हातात एक नवाकोरा कॅमेरा आहे. समोर बाजेवर तुमची आई बसली आहे. सकाळचं कोवळं ऊन तिच्या एका गालावर आलंय, मागं तुरीचं शेत आहे, आणि कुणालाच कसली घाई नाही. तुम्ही एवढंच करायचं, की आई जशी आहे तशी फोटोत आणायची. कालवण चाखताना दिसते तशी, शेजारणीशी भांडून आल्यावर दिसते तशी, तुम्ही गावी आलात की दारात दिसते तशी. करा बघू. डोळा लावा, बोट ठेवा, दाबा. आणि मग पडद्यावर कोण आलंय ते बघा.

नरसिंगच्या पडद्यावर दर वेळी एक वेगळीच बाई यायची. दोन्ही हात गुडघ्यांवर, पदर कानामागून गच्च, ओठ शिवल्यासारखे, डोळे बटणासारखे. ही बाई नरसिंगच्या चांगल्या ओळखीची होती. रेशन कार्डावर तीच, आधार कार्डावर तीच, म्हातारपणाच्या पेन्शनच्या कागदावरही तीच. पण ती त्याची आई नव्हती.

त्याची आई म्हणजे भागाबाई. वय ऐंशीच्या पुढं, अंगानं चिपाड, तोंडात दात नावालाही नाही, आणि जीभ मात्र शाबूत. भालकी तालुक्यातल्या आपल्या गावी ती राहायची. लेकानं बिदरला मैलूरमध्ये घर बांधलं, तिच्यासाठी वेगळी खोली काढली, पण ती तिथं आठवडाभरही टिकली नाही. "तितं मान्सं दारं लावून बसत्यात रं बाबा," म्हणाली आणि परतली.

फोटो म्हटलं की ती अशी का व्हायची, याला कारण होतं. गावातल्या म्हाताऱ्या पेन्शनला पगार म्हणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या पगारासाठी फोटो काढताना भागाबाईला हसू फुटलं होतं. मशीनपाशी बसलेला माणूस कानडीत खेकसला, "अज्जी, नगबेडा!" म्हणजे हसू नको. त्याच दिवशी रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका बाईचा पगार बंद झाल्याचं कळलं. भागाबाईनं दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली: फोटोत हसलं की पगार बंद होतो. आणि ते तिला पटलंही होतं. जी बाई खदाखदा हसतीय, तिला सरकारनं कामून पोसावं?

आता नरसिंगचंही थोडं ऐका, कारण सगळा दोष काही त्या पगाराचा नव्हता.

उदगीरला कॉलेजात असताना त्याला फोटोचा नाद लागला. हैदराबादच्या बाजारात त्यानं एक जुना कॅमेरा घेतला, रोलचा. एक रोल महिनाभर पुरवायचा, म्हणून बटण दाबण्याआधी तो शंभरदा विचार करायचा. जयंतीची मिरवणूक, झेंडा घेऊन नाचणारी पोरं, विहिरीवरच्या बाया, बैल धुणारी माणसं. रोल धुऊन आला की सगळा वाडा त्याच्याभोवती जमायचा. पुढं त्याला बिदरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली. लग्न झालं, बहिणींची लग्नं निघाली, आणि त्यातच कधीतरी कॅमेरा विकला गेला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत नरसिंगनं माणसांच्या आतले फोटो काढले. मोडलेले हात, सरकलेले मणके, कफानं भरलेल्या छात्या. बिदरचा दवाखाना, म्हणजे पेशंट कानडी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांचे. मशीनपाशी उभा राहून तो एका दमात म्हणायचा, "उसिर हिडीरी, सांस रोको, श्वास धरा. हलू नका." खाट् आवाज झाला की "झालं, सोडा." हे बोलणं त्याच्या तोंडात इतकं मुरलं होतं, की झोपेतसुद्धा बरळायचा. बायको शिवकन्या सकाळी उठून सांगायची, "रात्रभर मी दम धरून पडली हुते. सोडा म्हणायचं इसरलाव तुम्ही."

ही शिवकन्या भागाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. या भागात मामाची पोरगी करणं नवलाचं नाही, पण त्यामुळं झालं काय, की नरसिंगची बायको होण्याच्या कितीतरी आधीपासून ती भागाबाईची भाची होती. लहानपणी सुटीत आली की आत्याच्या पाठीला चिकटून असायची. लग्न झाल्यावरही बरीच वर्षं ती गावीच राहिली, कारण बिदरला नरसिंग एका खोलीत दोघा जोडीदारांबरोबर राहायचा. तो रविवारी यायचा. बसमधून उतरून गल्लीत वळला की दोघींचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू यायचं, आणि तो दारात आला की थांबायचं.

"काय झालं गं हसाया?"

"कुठं काय? आमचं आपलं."

नोकरीच्या दगदगीत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. काही गोष्टी माणसाला निवृत्त झाल्यावरच खुपायला लागतात.

निवृत्तीनंतर तो मुलाबरोबर, अमरदीपबरोबर हैदराबादच्या दुकानात गेला आणि मिररलेस कॅमेरा घेऊन आला. घरी बायकोपुढं डबा उघडून तो पोरासारखा सांगायला लागला, "जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा. बटण दाबलं की तो वर जायचा. ह्याच्यात आरसाच न्हाई. जे दिसतंय तेच फोटोत येतंय."

"आरसा न्हाई?" शिवकन्या डब्यात डोकावून म्हणाली, "मग एवढ्या मोठ्या डब्यात घातलाव तरी काय?"

त्यानं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. रात्रंदिवस तो कॅमेऱ्याचं पुस्तक वाचू लागला. कॅमेरा माणसाचा डोळा स्वतःच शोधतो, डोळ्यावर एक छोटा चौकोन धरतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही, हे बघून तो हरखून गेला. तळ्यावरचे बगळे झाले, किल्ल्याचे बुरूज झाले, गाणगापूरला जाऊन संगमावर आंघोळ करणारे यात्रेकरू झाले. मित्र गुरुबसव म्हणाला, "नरसिंगण्णा, आता तू हाडं सोडून कातडीवर आलास." सगळं छान चाललं होतं. पण त्याला खरा हवा होता एकच फोटो.

गावच्या घरात बैठकीच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. वडील वारले तेव्हा त्यांचा धड फोटोच नव्हता. एका लग्नातल्या घोळक्यातून चेहरा उचलून स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि खाली कोट-टाय चिकटवला. जन्मभर बंडीवर राहिलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसला, मानही जरा वाकडीच. भागाबाई कधीकधी त्या फोटोकडं बघून म्हणायची, "कुणाचा मालक आणून लावलाव रं हितं?" नरसिंगनं ठरवलं होतं, आईचं असं होऊ द्यायचं नाही. आई आहे तोवर तिचा खरा फोटो, आपल्या हातानं. येत्या जयंतीला सगळे नातेवाईक गावी जमायचे होते. त्याआधी तो भिंतीवर लागणार, असं त्यानं फोनवर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

म्हणून हिवाळाभर तो गावी मुक्काम ठोकून होता, आणि हिवाळाभर त्याच्या पडद्यावर ती पगाराची बाई येत होती.

"आई, हिकडं बघ. हां. श्वास धर. हलू नको."

भागाबाई श्वास धरायची. गाल आत जायचे, डोळे बाहेर यायचे.

शिवकन्या चुलीपुढून ओरडायची, "आत्याच्या तोंडाचा फोटो काढायलाव का छातीचा?"

"तू गप बस."

"मी गप बसते. पर तिला सोडा म्हणा, काळीनिळी व्हायलीय म्हातारी!"

फोटो मात्र सुरेख यायचे. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी, इतके लख्ख. डोळ्यावर चौकोन अचूक बसलेला. एवढं असूनही बघणारा म्हणाला असता, ह्या बाईला कागदावर अंगठा उमटवायचा आहे.

असाच एक दिवस मार्गशीर्षातला. दुपारी दोघी सासू-सुना अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नरसिंगनं सकाळपासून खटपट करून कॅमेरा वैतागून बाजेवर ठेवला होता. तेवढ्यात अमरदीपचा फोन आला. गावात रेंज मिळते ती लिंबाखाली, तेही एका कोपऱ्यात, एक हात कानावर आणि दुसरा कमरेवर ठेवून. तो तिकडं गेला. बोलणं झालं, चहा झाला, दिवस कलला. संध्याकाळी तो नेहमीप्रमाणं कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिवसभराचे फोटो बघत बसला. पगाराची बाई, पगाराची बाई, पगाराची बाई. आणि मग एकदम आई.

भागाबाई हसत होती. मान मागं टाकून, बोळकं सगळं उघडं, पदर खांद्यावर घसरलेला, एक हात शेंगांच्या ढिगात रुतलेला. डोळे बारीक झालेले, पण त्या बारीक फटींतून ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. ऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांची पोर बसली होती.

नरसिंगच्या अंगावर काटा आला. जमलं! कधी काढला मी हा? सकाळी? पण ऊन तर दुपारचं दिसतंय. बोट चुकून दाबलं गेलं असेल. फ्रेम जरा तिरकी आहे, कोपऱ्यात अर्धी बादली आलीय, पण असू दे. त्यानं फोटो मोठा करून कडाकडांनी बघायला सुरुवात केली. डावीकडं मागं लिंब होता. लिंबाखाली एक माणूस पाठमोरा उभा होता. एक हात कानावर, दुसरा कमरेवर, पांढरा बनियन, मागून टक्कल.

तो स्वतःच होता.

ज्या फोटोत आपण पाठमोरे उभे आहोत, तो आपण काढलेला असू शकत नाही, हे कळायला नरसिंगला एक क्षण लागला. आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता. जिला अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे ठाऊक नाही, जिनं फोन सोडून दुसरा कॅमेरा कधी हातात धरला नाही, तिनं! येता-जाता! शेंगा सोलता सोलता!

त्याचं बोट फोटो पुसायच्या बटणावर गेलं. पुसायची हिंमत झाली नाही, कारण तो आईचा फोटो होता. आणि ठेवायचं मन होईना, कारण तो बायकोनं काढलेला होता.

तो तिला काहीच बोलला नाही. तीही बोलली नाही. बहुतेक ती विसरूनही गेली होती, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. आपण जिच्यासाठी महिने घातले, ती गोष्ट हिला लक्षात ठेवण्याइतकीही मोठी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी त्यानं आईला बसवलं. पुढ्यात शेंगांचा ढीग केला. बादली हलवली. शिवकन्येला कामाला म्हणून शेजारी पाठवलं. गुडघ्यावर बसला, डोळा लावला.

"आई, आता हास."

"कामून?"

"अगं हास की जरा. कालच्यासारखं."

भागाबाईनं त्याच्याकडं संशयानं बघितलं. "कामून रं? पगार बंद करायलास का माझा?"

"आई, मी तुझा लेक हाय, सरकार न्हाई!"

"लेक हाय म्हनूनच ईचारायले," असं म्हणून तिनं पदर कानामागं गच्च केला, आणि पगाराची बाई येऊन बसली.

त्यानं विनोद सांगून बघितला. लहानपणीची आठवण काढून बघितली. तोंड वाकडं करून बघितलं, तेव्हा तिनं "दाढ दुखायलीय व्हय रं?" असं काळजीनं विचारलं. जे बायकोला सहज मिळालं होतं, ते त्याला मागूनही मिळेना. एखाद्या पोरानं भावंडाच्या ताटातला मोठा घास बघत बसावं, तसा तो आता दिवसभर दोघींकडं बघायला लागला. आई शिवकन्येशी बोलताना तिचं तोंड कसं सैल होतं. शिवकन्या काही कानात सांगते तेव्हा आई तिच्या मांडीवर कशी थापटी मारते. आपल्या मांडीवर तिनं शेवटची थापटी कधी मारली, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवेना.

एकदा शिवकन्या म्हणाली, "जरा द्या की कॅमेरा, शेजारच्या भाऊजींच्या शेळीला दोन पिल्लं झाल्यात."

"बॅटरी संपलीय."

बॅटरी त्याच्या खिशात होती, भरलेली. तिनं खिशाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली, "शेळी काय, रोजच तोंड दाखवती." वर तो अर्धा तास तिला प्रकाश आणि अंतराचं गणित समजावत बसला, ती भेंडी चिरत "व्हय, व्हय" करत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "एवढं सगळं ध्यानात धरून मग समोरचं मानूस कवा बघताव?"

जयंती जवळ आली. अमरदीप फोनवर सारखं विचारायला लागला, अप्पा, आज्जीचा फोटो झाला का? एका दुपारी नरसिंग मैलूरच्या घरी लॅपटॉप उघडून बसला. त्यानं तो हसरा फोटो घेतला, सरळ केला. उजवीकडची बादली कापली. मग डावीकडची कड धरून आत ओढली. लिंब गेला. लिंबाखालचा पाठमोरा माणूस गेला. आता हा फोटो कुणीही काढलेला असू शकत होता. कुणीही म्हणजे, त्यानंच.

घरच्या ग्रुपवर टाकला, आणि फोन थांबेना. अमरदीपनं लिहिलं, "अप्पा, तुम्ही नोकरी उगीच केलीत." पुण्याहून भाची, लातूरहून मेहुणे, गुरुबसवनं तर कानडीत चार ओळी. प्रत्येक कौतुक गोड लागत होतं, आणि प्रत्येक कौतुक बायकोचं होतं. शिवकन्येचाही फोन त्याच ग्रुपवर होता. तिनं फक्त एक अंगठा टाकला.

फ्रेम करायला बिदरच्या जुन्या बाजारात बाबूलालच्या दुकानात गेला. बाबूलाल चष्मा वर करून फोटोकडं बघतच राहिला. "क्या बात है साब! अम्मा को इत्ता कैसा हंसाए? आपीच निकाले ना?"

नरसिंगनं मान हलवली. होकाराची होती. अगदी थोडीच हलवली, पण हलवली.

जयंतीच्या आदल्या दिवशी सगळे गावी पोचले. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या, विहारापुढं मांडव पडत होता. अमरदीपनं बैठकीत खिळा ठोकला. नरसिंगनं कागद सोडवून फ्रेम बाहेर काढली आणि आईपुढं धरली. भागाबाईनं ती मांडीवर घेतली, तोंड जवळ नेलं, फोटोतल्या स्वतःच्याच गालाला बोट लावलं.

"बया! कशी दिसायले मी, येड्यावानी!" खूश होऊन ती म्हणाली. मग काचेवर डावीकडं बोट फिरवू लागली, काहीतरी शोधल्यासारखं. "ह्याच्यात नरसिंग हुता की. कुठं गेला?"

अमरदीप हसला. "अप्पा कसे असतील आज्जी? अप्पांनीच तर काढलाय."

"न्हाई, न्हाई. हुता. शिवकन्यानं मला तवाच दावली हुती त्या डब्यात. हितं झाडाखाली हुता, पाठ करून."

अमरदीप बापाकडं बघायला लागला. शिवकन्या हातात चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. तिनं फ्रेम बघितली, कापलेली कड बघितली, आणि नवऱ्याचं तोंडही बघितलं.

"आत्याला आठवत न्हाई नीट," ती सहज म्हणाली. "त्यांनीच काढलाय फोटो. घ्या, च्या घ्या."

ती भांडली असती, टोमणा मारला असता, तर नरसिंगनं तोंड दिलं असतं. पण तिनं तो फोटो त्याला देऊन टाकला, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा. इतके दिवस ज्यासाठी तो आतल्या आत जळत होता, ते तिच्या लेखी एवढंसं होतं. त्याला ते सहन होईना.

"न्हाई," तो म्हणाला. आवाज नको इतका मोठा निघाला. "हिनं काढलाय. मी मागं हुतो, फोनवर बोलायलो होतो. मीच मला काढून टाकलो."

"कामून?" भागाबाईनं विचारलं.

नरसिंग खाली पडलेला फ्रेमचा कागद गोळा करायला लागला.

"अरं पर तुला कशाला काढलास?" भागाबाई खरंच वैतागली. "आमी तुलाच तर हासायलो हुतो! तूच न्हाईस तर मी काय हवंला हासायले का ह्याच्यात?"

"मला?"

"मग! तू तितं झाडाखाली, एक हात कानाला, एक कमरंला, आन् ही मला म्हनली..." आणि एवढं बोलून भागाबाईला हसू आलं. शिवकन्येनं ट्रे घाईनं खाली ठेवला आणि पदर तोंडात धरला. "आत्या, नगं!" ती म्हणाली, आणि त्याबरोबर दोघी सुटल्या. भागाबाईची मान मागं गेली, बोळकं उघडलं, डोळ्यांत पाणी आलं. तिनं शिवकन्येच्या मांडीवर एक थापटी मारली, मग तोच हात लांब करून नरसिंगच्या पायावरही एक मारली. अमरदीपलाही कशाला ते न कळता हसू फुटलं.

नरसिंगच्या गळ्यात कॅमेरा होता, चालू होता. आई हातभर अंतरावर होती, खिडकीतलं ऊन बरोबर तिच्या तोंडावर होतं. पण तो कॅमेरा उचलायचं विसरला. तो एकदा आईकडं बघत होता, एकदा बायकोकडं, आणि दोघींतलं कुणी श्वास घ्यायला थांबतं का याची वाट बघत होता.

"शिवकन्या, हासू नको, खरं सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्याबद्दल तू आईला सांगितलीस तरी काय?"